एक नाव, दोन घरं

"मॅडम, तुमचा भोंगा परत बोंबलला!" देवेंद्र फोनवर ओरडत होता. "लोकं खड्ड्यातून वर काढले, मीटर लावून पाहिला, गॅस नाही. सकाळपासून हेच करून राहिलो. आता मी याची वायरच काढून टाकतो."

"वायर काढू नका, देवेंद्रभाऊ. मी पाहून राहिले ना."

"पाहा. तुमी तिथं पंख्याखाली पाहा, इथं लोकं मले शिव्या देऊन राहिले."

फोन कटला. सुपेला बाजारातल्या मिठाईच्या दुकानावरच्या ऑफिसच्या खोलीत पंखा तसा नुसता आवाजच करत होता. प्रेरणाने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. गावाबाहेरच्या एका लहान रोलिंग मिलमध्ये गॅस गळू शकतो तिथे तिथे तिने आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या विक्कीने सेन्सर बसवले होते. भोंगा कधी वाजवायचा हे मिलच्या माणसांना स्वतः लिहिता यावं म्हणून प्रेरणाने एक छोटी भाषा तयार केली होती. शिफ्ट सांभाळणाऱ्या देवेंद्रने तिच्यात एकच ओळ लिहिली होती. गॅस.पातळी मर्यादेच्या वर गेली तर भोंगा वाजव. ओळीत काहीही चूक नव्हती, आणि त्याचाच तिला संताप येत होता.

या भाषेत प्रत्येक नावाला आपलं घर असे; आधी घर, मग टिंब, मग नाव. भट्टीखालच्या खड्ड्यातल्या सेन्सरची नावं 'गॅस' या घरात राहत. घराचं लांबलचक नाव पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा आला, तर त्याला एखादं टोपणनावही देता येई.

ओळ वाचून वाचून डोळे दुखायला लागले, तेव्हा तिने मशीनलाच विचारलं, ही पातळी तू आणतोस कुठून? स्क्रीनवर उत्तर आलं.

कॅन्टीन.स्वयंपाकघर.सिलिंडर.पातळी.

"विक्की! हे 'गॅस' टोपणनाव कोणी दिलं?"

पलीकडच्या टेबलावर विक्कीने कानावरचा हेडफोन खाली केला. "मैंने, दीदी. कॅन्टीनमध्ये ठकूबाईच्या शेगडीपाशी नवीन सेन्सर लावला ना. इतना लंबा नाम कौन लिखेगा? और टेस्ट तो सब पास थे."

होणारच पास. 'पातळी' हे नाव दोन्ही घरांत होतं. भाषा आधी टोपणनावं बघायची, आणि तिथे सापडलं की खऱ्या घराकडे वळायचीच नाही. ठकूबाईचं दूध उतू जाऊन शेगडी विझली की भोंगा भट्टीवर वाजत होता.

"मले एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं तुझं?"

"सॉरी, दीदी. पर चलो, मिल तो गया."

सापडलं खरं. तिनेही श्वास सोडला. मग तीच ओळ पुन्हा पाहिली. भोंगा जर कॅन्टीनकडे बघत होता, तर खड्ड्याकडे कोण बघत होतं? शेगडीपाशी सेन्सर लागला त्या दिवसापासून, कोणीच नाही.

तिने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

"आता बरं आहे, मॅडम," देवेंद्र म्हणाला. "एकदम शांत. लहानू आणि गुड्डू उतरले खाली, व्हॉल्व्ह बदलून राहिले."

"मीटर लावला होता?"

"सारखा सारखा कोण लावते?"

"त्याईले वर काढा. आत्ताच्या आत्ता."

"आता कावून? वाजला तरी वर काढा, नाही वाजला तरी वर काढा! तुमाले आमचं काम होऊ द्यायचं आहे का नाही?"

"अवो, नावाची गडबड झाली. टोपणनाव आधी पाहते म्हणून ते..." बोलता बोलता तिला स्वतःचाच राग आला. "देवेंद्रभाऊ, तुमचा भोंगा ठकूबाईच्या शेगडीचा गॅस पाहून राहिला. खड्ड्यातला गॅस कोणीच नाही पाहून राहिलं."

देवेंद्रचा आवाज फोनपासून लांब गेला. "लहानू! गुड्डू! ऊपर आओ! सब छोड़ो, ऊपर आओ!"

प्रेरणाने टोपणनाव खोडलं आणि बदल मिलकडे पाठवला.

फोनमध्ये भोंगा वाजायला लागला.

विक्की खुर्चीतून उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला. भोंगा थांबेना. त्यातून पळणाऱ्या पावलांचा आवाज येत होता, लोखंडावर काहीतरी आदळल्याचा आवाज येत होता, आणि कोणीतरी सारखं "हाथ पकड़, हाथ पकड़" म्हणत होतं. तिच्या हातात आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी बोटं कीबोर्डवरून उचलवत नव्हती.

बऱ्याच वेळाने देवेंद्र फोनवर आला. त्याला धाप लागली होती.

"लहानू आपल्या पायानं चढला. गुड्डूले दोरीनं ओढला. श्वास चालू आहे. गाडी बोलावली." मग भोंग्याच्या वरताण ओरडून, "आणि हे वाजून राहिलं त्याचं काय करू?"

"वाजू द्या," प्रेरणा म्हणाली.

त्या दुपारी दोघांनी मिळून भाषा बदलली. एकच नाव दोन घरांत सापडलं, तर आपल्या मनाने एक उचलायचं नाही. थांबायचं आणि विचारायचं. विक्कीने दिवसभर हेडफोन कानाला लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला.

"मॅडम, हे काय करून ठेवलं? कॅन्टीनचा नियम लिहा, खड्ड्याचा लिहा, एक ओळ पुढं जाऊ देत नाही. कोणता गॅस, कोणता गॅस, एकच धोशा. मशीनची इतकी कटकट कोणी ऐकते का?"

"गुड्डू कसा आहे?"

"ऑक्सिजन काढला त्याचा. बोलते आता. भात खाल्ला म्हणे थोडा."

देवेंद्रने फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने तिला बटणांचा आवाज ऐकू आला, एकेक बटण शोधून दाबल्याचा, आणि त्याच्यासोबत देवेंद्रचं पुटपुटणं. पहिलीतलं पोर पाटीवर गिरवतं तसं.

"खड्ड्यातला... गॅस."