प्रेशर प्लेटवरची खाच

मुलगा आत न येता गॅरेजच्या दारातच उभा राहिला, तेव्हाच मिस्त्रींनी ओळखलं, आज आपली परीक्षा आहे.

मागे एकदा त्यांनी एका गाडीचा नट आडवा चढवला होता. तेव्हापासून मुलाने धोशा लावला होता, बाबा, पुरे झालं, आता घरी बसा. पुन्हा एक चूक झाली की गॅरेजला कुलूप, हे त्याने जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. मिस्त्रींना घरी बसायचं म्हणजे जिवंतपणी भिंतीवर फोटो लावून घेण्यासारखंच होतं.

नजर वर्षभरापासून उतरत चालली होती. आता तर दारातला मुलगाही त्यांना नुसता उभा काळोख दिसत होता. पण मिस्त्रींनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. बोटं होती ना शाबूत!

शेजारी सून होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नव्हता; आता अर्धं गॅरेज तीच ओढायची. एक खोड मात्र होती. नवं सामान आलं की आधी कानस घेऊन बसायची. कडा बोचतात, म्हणायची. आजही सकाळपासून तिची खरखर चालली होती.

“माहेराहून एवढी कानसच घेऊन आलीस वाटतं,” मिस्त्री म्हणाले. ती नुसती हसली.

तेलात भिजवलेल्या क्लचप्लेटा ती एकेक करून त्यांच्या तळहातावर ठेवू लागली. मोठ्यांना वस्तू हातात द्यायची, जमिनीवर टाकायची नाही. पोरीला वळण आहे, असं मिस्त्री येईल त्याला सांगायचे. एक खरखरीत, एक गुळगुळीत, पुन्हा एक खरखरीत. शेवटच्या प्लेटचे कान बाजूच्या आखूड खोबणीत बसवायचे असतात. तेही बसले.

आता खरी मेख होती. वरची प्रेशर प्लेट आतल्या दातेरी हबवर एकाच जागी बसते. खूण चुकली तर दात दातांवर चढतात, क्लच सुटत नाही आणि गिअर टाकताच गाडी उडी मारते. हबवरचा बाण उठावाचा होता, तो अंगठ्याला लागला. मग मिस्त्रींनी प्रेशर प्लेटच्या कडेवरून नख फिरवलं. अर्ध्या फेरीतच ते अडकलं.

काय सुबक खाच होती! नख रुतेल एवढीच खोल, आणि बोटाला ओरखडा येऊ नये म्हणून कडाही घासून मऊ केलेल्या. ह्या कंपनीच्या प्रत्येक गाडीत हल्ली ती सापडायची. दूर कुठल्याशा कारखान्यात बसून एवढा विचार करणाऱ्या त्या कारागिराला मिस्त्री मनोमन सलाम ठोकायचे. न पाहिलेल्या त्या माणसावर त्यांचा जीवच जडला होता.

खाच बाणासमोर आली आणि प्लेट टक् करून बसली. स्प्रिंगा घातल्या, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, झाकण लागलं, तेल भरलं. मुलगा गाडीवरून लांब चक्कर मारून आला. गिअर लोण्यात सुरी घातल्यासारखा पडत होता.

“मीच चुकलो, बाबा,” तो म्हणाला. “तुम्हाला वाटेल तोवर चालवा गॅरेज.”

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

तो गेला आणि स्पेअर पार्टवाला आला. तशाच दुसऱ्या गाडीची प्रेशर प्लेट त्याने आणली होती. सून मागे बाकावर काहीतरी घासत बसली होती, म्हणून खोकं मिस्त्रींनी स्वतःच फोडलं. आज त्यांची कळी खुलली होती. कारखान्यातल्या त्या कारागिराचं गुणगान करत त्यांनी कडेवरून नख फिरवलं. एक फेरी झाली. दुसरी झाली. कड सगळीकडून गुळगुळीत.

“हा माल परत ने,” ते म्हणाले. “ह्याला खाचच नाही.”

“खाच कसली, मिस्त्री? कंपनी कधीच खाच पाडत नाही. नुसता पांढरा ठिपका देते. हा काय, तुमच्या बोटाशेजारीच तर आहे.”

मागची खरखर थांबली.