साठ डेसिबलच्या वर

कुकरची वाफ उडते, बायका शिट्ट्या डोळ्यांनी मोजतात. कुत्रा भुंकतो, नुसता जबडा हलतो. वरातीत ताशेवाले घाम गाळतात आणि वऱ्हाडी कुजबुजत जेवणाचा बेत विचारतात.

पालिकेच्या कचेरीत श्रीपती तांबटाने साहेबांच्या टेबलावर मूठ आपटली. तिचाही आवाज झाला नाही.

"आमच्या आळीतला शांतिखांब काढा!" तो ओरडला. शब्द ओठांबाहेर पडताच विझले.

"काका, हळू बोला, म्हणजे ऐकू येईल," साहेब गोडीत म्हणाले. "आवाज चढला की खांब समोरून उलटी लाट सोडतो. दोन्ही लाटा एकमेकींना गिळतात. शाळेत शिकला असाल."

या गावात आता शिवीसुद्धा कुजबुजून द्यायची! श्रीपतीने संताप गिळून आवाज खाली आणला. "तुमच्या लाटेला हातोडा कोणता आणि माणूस कोणता ते कळतं का?"

"माणसाला एवढं ओरडायची गरजच काय? तुमची ठोकाठोक थांबावी म्हणून तर पहिला खांब तुमच्या आळीत बसवला."

"माझ्या लेकीचा, रेवतीचा हात पत्र्याच्या यंत्रात गेला, साहेब. कोपरापासून कापावा लागला."

"वाईट झालं. पण त्याचा खांबाशी काय संबंध?"

श्रीपतीने साहेबांची कॉलर धरली, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि छाती फुटेस्तोवर ओरडला. साहेबांना गालावर गरम श्वास तेवढा लागला.

बोटं यंत्रात अडकली तेव्हा रेवतीने बाबांना चार वेळा हाक मारली होती. ते दहा फुटांवर, तिच्याकडे पाठ करून हंडा ठोकत बसले होते.