मोठ्या मिस्त्रींचा गोल

सोमवारची मीटिंग पुन्हा फसली. कपाटं कधी तयार होतील, असं सूनबाईने विचारलं आणि पॉलिशवाल्याने उत्तर दिलं ते टेबलाच्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. गाद्या शिवणाऱ्या मावशींचेही डोळे तिकडेच.

ती हातांची खुर्ची मोठ्या मिस्त्रींची. लाकडी सामानाचा हा कारखाना त्यांनी शून्यातून उभा केला होता. गुडघे थकले, कानही मंदावले, तसा त्यांनी कारभार सुनेच्या हाती दिला आणि मीटिंगला यायचं सोडलं. खुर्चीत बसायची मात्र कोणाची छाती नव्हती. सूनबाईही बाजूच्या स्टुलावर बसायची. काही ठरवायची वेळ आली की कोणीतरी म्हणायचं, मोठ्या मिस्त्रींना विचारू या. मग ठरायचं काहीच नाही. माल उशिरा जायचा, गिऱ्हाईक तोंड फिरवायचं. परगावी नोकरीला असलेला नवरा फोनवर स्पष्टच म्हणाला होता, सहा महिन्यांत घडी बसली नाही तर कारखाना विकून टाकू.

सूनबाई एका शिबिराला जाऊन आली. तिथे शिकलेलं तिने सगळ्यांना समजावलं. यापुढे मीटिंगला येताना प्रत्येकाने आपला गोल आणायचा. काय करणार, किती करणार, कधीपर्यंत करणार, तिन्हींची उत्तरं हवीत. चांगलं काम करीन, हा गोल नव्हे. शनिवारपर्यंत चार दारांना पॉलिश करीन, हा गोल.

"गोल तर आम्ही आजवर बोलतच आलोय, वहिनी," पॉलिशवाला म्हणाला. मावशींना हसू आलं, पण खुर्चीकडे नजर जाताच त्यांनी ते गिळलं.

संध्याकाळी जेवताना सूनबाईने सासऱ्यांनाही गळ घातली. त्यांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने बोलली.

"बाबा, तुम्हीपण गोल द्या. सगळे देणार आहेत."

"गोल?" त्यांनी कानामागे हात धरला. "केवढा?"

सासऱ्यांनी नेमका प्रश्न विचारला म्हणून ती खूश झाली. "मोजता येईल एवढा. आणि आपल्याला झेपेल असा."

"कधी पाहिजे?"

"सोमवारी."

त्यांनी मान डोलावली आणि ताटातलं संपवलं.

आठवडाभर मागच्या शेडमधून करवतीचा आणि रंध्याचा आवाज येत राहिला. मिस्त्री आत कोणाला सोडत नव्हते. सासूबाई डबा दाराशी ठेवून परत यायच्या.

सोमवारी मिस्त्री आले. मागे दोन माणसं एक टेबल धरून. चांगलं ऐसपैस, वाटोळं, कड हाताला लोण्यासारखी लागणारी. जुनं लांबट टेबल त्यांनी अंगणात काढायला लावलं. हातांची खुर्ची हात अडून नव्या टेबलाशी काही केल्या बसेना, तीही बाहेर गेली.

"घे, बाई. गोल," ते सुनेला म्हणाले. "सगळे मावतील. मोजून बघ."

मावशींनी पदर तोंडाशी धरला. पॉलिशवाल्याने ओठ घट्ट मिटले. सूनबाईने सगळ्यांवर डोळे वटारले आणि हवा होता अगदी तसाच झालाय, असं सासऱ्यांना सांगितलं.

"मग गप्प का सगळे? माप चुकलं का रे?"

झालं. मावशींच्या तोंडून पहिलं हसू फुटलं आणि मग कोणालाच आवरेना. त्या माणसासमोर आजवर कोणी असं हसलं नव्हतं. मिस्त्री गोंधळल्यासारखे एकेकाकडे बघत राहिले, मग ओशाळं हसून गुडघा चोळत घरी गेले.

त्या दिवशी मीटिंग झाली ती खरी मीटिंग. वाटोळ्या टेबलाला टोक नव्हतं, त्यामुळे बोलणारा समोरच्याकडे बघून बोलला. भांडणंही झाली, पण निकाल लागले. पुढच्या सोमवारी पॉलिशवाल्याने आपला गोल पूर्ण केल्याचं सांगितलं, मावशींनी दोन दिवस जास्त मागून घेतले. कपाटं वेळेवर गेली. अंगणात मिस्त्री दिसले की माणसं आता बिचकेनाशी झाली. पुढचा चौकोनी करताय का, म्हणून त्यांची चेष्टाही करू लागली. विकायचं राहू दे, असा नवऱ्याचा फोन आला तेव्हा सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती चेष्टा ऐकून तिला एकच काळजी लागली. बाबांना त्यांची चूक कळता कामा नये, त्यांच्या जिवाला लागेल, असं तिने एकेकाला बजावलं. सासूबाईंनाही सांगितलं आणि ती कारखान्यात गेली.

सासूबाई भाजी निवडत बसल्या. मिस्त्री खिडकीशी पाठमोरे उभे होते.

"सरळ सांगायचं होतं, की खुर्चीकडे नका बघू, सुनेकडे बघा," त्या पुटपुटल्या. "एवढं हसं कशाला करून घेतलंत?"

"हुकूम केला असता," मागे न वळताच मिस्त्री म्हणाले, "तर पुन्हा माझंच ऐकलं असतं सगळ्यांनी."