कर्नलची श्रद्धांजली

एलिजिओची शवपेटी अजून घरातच होती, तेवढ्यात कर्नल एक कागद घेऊन आला. ह्यानंच माझ्या नवऱ्याचं वर्तमानपत्र चारदा बंद पाडलं, छपाईच्या अक्षरांचे खिळे नदीत फेकले. “दोन्या कासिल्दा,” तो मला आदरानं म्हणाला, “एलिजिओ माझा भाऊच! ही श्रद्धांजली उद्या पहिल्या पानावर छापा.” “भाऊ? म्हणूनच दोन वर्षं तुरुंगात पाहुणचार केलात?” तो माझ्या हातचा चिपा, चीज घातलेला पाव, चघळत हसला आणि गेला. लेक रामोना म्हणाली, “आई, नाही छापलं तर छापखाना जाईल गं.” मला अक्षर जेमतेम कळतं, पण ह्यांची रीत पाठ आहे: सरकारनं बातमी खोडली की तेवढी जागा कोरी सोडायची, गाव बरोबर वाचतं. “वर कर्नलचं नाव छाप, मोठ्ठं.” “आणि खाली?” “काही नाही.” दुसऱ्या दिवशी अख्खं गाव तो कोरा रकाना छातीशी धरून दफनभूमीत आलं. कर्नल फिरकला नाही.