शालनचा पट्टा

"काका, शालनकाकूंना जाऊन तीन महिने झाले आणि त्यांच्या पट्ट्याच्या नोंदी अजून येताहेत," पाहणी खात्यातल्या वैजयंती धुमाळ म्हणाल्या.

यादवरावांनी सदऱ्याची बाही खाली ओढली. बायकोचा पट्टा त्यांच्याच मनगटावर होता.

शितावरून भाताची परीक्षा करावी, तसा जिल्ह्यात साठीपुढच्या दहा हजार बायकांमागे एकीला हा पट्टा मिळे. तिची भूक आणि झोप मोजून त्या दहा हजार जणींची औषधं ठरत. चिठ्ठीत नाव निघालं तेव्हापासून शालन नवऱ्याला दटावायची, "नीट बोला, माझ्यामागे दहा हजार जणी आहेत!"

"पट्टा बंद पडला असता तर तिचं नाव यादीतून गेलं असतं," यादवराव पुटपुटले.

"पण तुम्ही अर्धी भाकरी खाता, पहाटेपर्यंत जागता. आम्हाला वाटलं, काकूंमागच्या दहा हजार जणींचं अन्नपाणीच तुटलं. धडधाकट बायकांना भुकेची औषधं वाटली आम्ही! काल त्या आमच्या अंगावर धावून आल्या."

यादवरावांना बऱ्याच दिवसांनी हसू आलं. "शालन असती तर सगळ्यांत पुढे असती."

ते पट्टा सोडवू लागले आणि थांबले. "जरा बसा, बाई. तिच्या नावावरची शेवटची नोंद उपाशी नको."

त्यांनी भाकऱ्या गरम केल्या, पिठलं वाढलं आणि एक ताट धुमाळबाईंपुढे सरकवलं. शालन फोडायची तसा कांदा बुक्कीनं फोडून ते पोटभर जेवले. मगच त्यांनी पट्टा काढून दिला.