बुकपोस्ट

१९७६ साल. शिवाजी पेठेतल्या कुलसुमला अर्थशास्त्रात एम.ए. करायचं होतं. तिनं मुंबई आणि पुणे विद्यापीठांची माहितीपत्रकं टपालानं मागवली. "एकट्या पोरीला परगावी धाडणार न्हाय," असं अब्बांनी बजावलं होतं, तरी तिची तुलना चालूच होती. पुण्याचं पत्रक आलं, तेव्हा सामाजिक धोरणाच्या पानावर कुणीतरी आधीच पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘हे मुंबईपेक्षा बरं.’

दुसऱ्या दिवशी तिनं पोस्टमन आकाराममामांना दारात गाठलं. "मामा, माझं टपाल कोण फोडतंय?"

"फोडतंय कोण? बुकपोस्ट उघडंच असतंय की! आमची पोरगी शालन वाचती. तिला बी हेच शिकायचं हाय. पर एकट्या पोरीला धाडायचं कसं?"



कुलसुमनं दार सताड उघडलं. "आत या मामा, अब्बाही हेच विचारतायत."