गोल्डफिशचा ताप

अँटिबायोटिक आता फक्त शोभेच्या माशांना मिळत असे. माणसासाठी नेताना सापडलं तर थेट तुरुंग. म्हणून मत्स्य दवाखान्यात निरीक्षक बसलेला. टिपरे यांनी ठणठणीत गोल्डफिशची पिशवी टेबलावर ठेवली. घरी मुलगी तापाने फणफणली होती.

“काय होतंय माशाला?” डॉक्टर गोगटेबाईंनी विचारलं.

“चार दिवस ताप आहे. खोकलाही.”

निरीक्षकाने मान वर केली.

“वजन?”

“बावीस किलो,” टिपरे बोलून गेले.

निरीक्षक उठला, पिशवीत बराच वेळ डोकावला.

“खात्यापित्या घरचा दिसतोय,” तो म्हणाला. मग हळूच, “सातही दिवस द्या, साहेब. आमचा तिसऱ्या दिवशी खेळायला लागला, म्हणून आम्ही औषध थांबवलं होतं.”